आकारामचा फळा

आमच्या गावात पेपर सगळे वाचतात, विकत कुणी घेत नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण पेपर विकणारा मीच. बाळासो पेपरवाला म्हटलं की पलूसच्या अलीकडच्या कुठल्याही थांब्यावर मला ओळखतात. सकाळच्या गाडीनं मिरजेहून गठ्ठा येतो. मी दोरी सोडेपर्यंत चार मुंडकी त्यावर वाकलेली असतात, आणि वाचून झाल्यावर घडीसुद्धा नीट घालत नाहीत. एवढं फुकट वाचून या माणसांना जगातलं काय कळत होतं म्हणाल तर काहीच नाही. कळायचं ते माझ्या टपरीशेजारच्या फळ्यामुळं. तो फळा आकाराम लिहायचा. आजही लोक त्याची आठवण काढून खोखो हसतात. मला त्या हसण्याचा राग येतो, म्हणून हे सांगायला बसलोय.

फळा ग्रामपंचायतीचा. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर काळा रंग मारून वर 'वार्ताफलक' असं लिहिलेलं. आकाराम यायच्या आधी त्यावर कुणाची तरी म्हैस हरवलेली असायची, नाहीतर कुणीतरी गेलेलं असायचं.

आकाराम म्हणजे पारूबाईचा धाकटा भाऊ. पारूबाईचं सासर आमच्या गावातलं. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिनं या पोराला इथं आणून वाढवलं. नवरा पलटणीत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. बाकी उसाला पाणी पाजण्यापासून म्हशीची धार काढण्यापर्यंत सगळं ही एकटी बघायची. आकाराम सांगलीला कॉलेजात होता तेव्हा पारूबाई रोज सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ त्याचा डबा द्यायची. कधी गाडी हुकली तर डबा माझ्या टपरीत ठेवून जायची आणि मी पुढच्या गाडीला द्यायचो. त्या डब्यातल्या खरड्याचा वास माझ्या पेपरांना लागायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, आज पेपरात तिखट बातमी दिसती.

आकाराम बी.एस्सी. झाला, पुण्याला एका कंपनीत लागला आणि तिथं कॉम्प्युटर चालवायला शिकला. चालवायला म्हणजे काय, हे त्यानं मला अनेकदा सांगितलं. मशीनला काय करायचं ते सांगावं लागतं. ते पोस्टकार्डापेक्षा जरा लांब अशा जाड कागदाच्या पत्त्यांवर भोकं पाडून सांगायचं. पत्त्यांचा गठ्ठा मशीनच्या तोंडात घातला की ते एकेक पत्ता वाचतं आणि सांगितलेलं मुकाट्यानं करतं. आकाराम म्हणायचा, "बाळासो, मशीन लय येडं असतंय. पर इमानी. आपल्याकडं दोन्ही एका जागी गावत न्हाईत."

तो गावात परत आला तो चेअरमन हंबीररावांमुळं. आमच्या भागातल्या कारखान्याचे हे चेअरमन परदेशातली ऊसशेती बघायला गेले होते. जाणारा माणूस येताना घड्याळ आणतो, रेडिओ आणतो. यांनी आल्याआल्या कारखान्यासाठी कॉम्प्युटर मागवला आणि तो चालवायला आकारामला पुण्याहून बोलावून घेतलं.

कॉम्प्युटर कशाला, तर तोडणीची पाळी लावायला. ज्याची लागण, म्हणजे उसाची लावणी, आधी, त्याचा ऊस आधी तोडायचा, असा नियम पूर्वीपासून होता. पण तोडणीची टोळी चेअरमनच्या पाव्हण्यांच्या फडात आधी जायची हेही पूर्वीपासून होतं. मागं राहिलेल्याच्या उसाला तुरा यायचा, आतून पोकळ व्हायचा, वजन पाण्यात जायचं. यावरून दर हंगामात डोकी फुटायची. चेअरमननी सर्वसाधारण सभेत सांगून टाकलं, "आता पाळी मशीन ठरवणार. मशीनला ना जात, ना पावणा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमची माणसं माणसावर विश्वास ठेवत नाहीत हे बरोबरच आहे, पण लोखंडावर लगेच ठेवतात.

मशीनसाठी गार हवेची खोली बांधली. एप्रिलात संचालक मंडळी त्या खोलीत येऊन तोंडावर टोपी ठेवून झोपायची. आकारामनं दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं: "कारखान्यात गार खोली सुरू. आत एक यंत्र आहे. ते चालू आहे. बाकीचे संचालक आहेत."

गाव लोळून हसलं. मला वाटलं, गेली याची नोकरी. पण चेअरमन जीपमधून उतरून स्वतः वाचायला आले आणि तेही हसले. म्हणाले, "लिव रं आकाराम. गावाला करमणूक पायजे." तेव्हा मला हे मोठं मन वाटलं होतं.

मग आकाराम सुटलाच. सकाळी माझ्याकडचे सगळे पेपर चाळायचा, तंबाखू मळायचा आणि त्याच हातानं खडू धरायचा. अमेरिकेत अध्यक्षाच्या कचेरीतल्या टेपांवरून रान उठलं आणि त्याला जावं लागलं, त्या दिवशी फळ्यावर: "असं आपल्याकडे होणार नाही. टेप चालू करायला आधी लाइट हवी." आपला उपग्रह वर गेला तेव्हा: "उपग्रह आकाशात पोचला. मिरजेला लावलेला ट्रंककॉल अजून वाटेत आहे." खंडाळ्याकडं कुठंतरी दोन तोंडांचं वासरू झाल्याची बातमी आली, तर त्यानं खाली लिहिलं: "दर्शनाला एवढ्या लांब जाऊ नये. निवडणूक लागली की आपल्याच गावात येतील." लोक एस.टी.तून उतरले की आधी फळा वाचायचे, मग मुतारी शोधायचे. शेजारच्या गावचे लोक सायकलवरून नुसता फळा वाचायला यायचे. माझा खप त्यानं एका पेपरानंही वाढला नाही, हे मात्र नमूद करतो.

पहिल्या हंगामातच आकारामला काहीतरी खटकलं. लागण मागची असलेले दोन संचालकांचे फड साफ झाले होते आणि आधीची लागण असलेले ऊस उभे होते. मशीन चुकलं असं समजून तो बरेच दिवस आपलीच आकडेमोड तपासत बसला. शेवटी त्यानं पत्त्यांचा गठ्ठाच हातात घेतला. प्रत्येक शेतकऱ्याचा एकेक पत्ता, लागणीच्या तारखेनं लावलेला; ज्याचा पत्ता वर, त्याची पाळी मशीन आधी छापायचं. गठ्ठ्यातल्या वरच्या पत्त्यांवर कात-चुन्याची बोटं उमटली होती. कारखान्यात पान खाऊन बोटं कशालाही पुसणारा माणूस एकच, शेतकी खात्याचा हरिबा. तो चेअरमनचा उजवा हात. आकारामनं त्याला धरलं तर तो जराही लाजला नाही. म्हणाला, "मशीनला मी कुटं हात लावला? पत्तं तेवढं वर-खाली केलं. पत्तं पिसाय काय बी.एस्सी. लागतंय व्हय?"

तेव्हा फळा मोकळा होता. आकारामनं तिथंच लिहून टाकायला हवं होतं, असं मला आज वाटतं. पण त्याला मशीनचा अभिमान. माणसाची लबाडी मशीनकडूनच पकडायची, असं त्याच्या डोक्यात बसलं. त्या उन्हाळ्यात त्यानं थोडे नवे पत्ते पाडले. तारखेचा क्रम कुठं चुकलेला दिसला की मशीननं जागच्या जागी थांबायचं, एवढंच त्यांचं काम. गठ्ठ्यात ते पटकन सापडावेत म्हणून त्यानं लाल काठाचे पत्ते घेतले. मग हरिबाच्या देखतच मागच्या लागणीचा एक पत्ता मुद्दाम वर ठेवून गठ्ठा मशीनमध्ये घातला. अडलेल्या बैलासारखं मशीन उभं राहिलं. हरिबा पानाची पिंक टाकायची विसरला.

त्या दिवशी आकाराम माझ्या टपरीत आला तो नाचतच. पारूबाई बाजाराला आली होती. तिला म्हणाला, "आक्का, तुजी लागण पयल्यातली हाय. औंदा तुजा ऊस येळंवर जातोय. माजा शबुद."

पारूबाई म्हणाली, "मागल्या खेपंला निम्मा पोकळ निगाला रं. माणूस पलटणीत, पानी मी पाजायचं, आन तोंडाला आला की उभा वाळायचा. तुजा शबुद हाय न्हवं? मग झालं." ती निर्धास्त घरी गेली.

जूनमध्ये आणीबाणी आली. पेपर पातळ झाले, बातम्या गुळगुळीत झाल्या. फौजदार माझ्या टपरीशी येऊन काठीनं फळा ठोकून म्हणाले, यावर आता फक्त सुविचार. आकारामनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मौनं सर्वार्थसाधनम्'. फौजदारांनी अर्थ विचारला. आकाराम म्हणाला, "गप बसलं की समदं मिळतंय." फौजदार खूश झाले, म्हणाले असंच लिहीत जा. आम्ही दोघं हसलो. पुढच्या आठवड्यात हायस्कूलच्या एका मास्तरांना नेलं, कशासाठी ते त्यांच्या बायकोलाही कळलं नाही. त्यानंतर आकारामनं खडू माझ्या टपरीच्या फळीवर ठेवला आणि सुविचार ग्रामपंचायतीचा शिपाई लिहू लागला.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. कुदळ, कोयता, न्हाव्याचा वस्तरा, ड्रायव्हरची एस.टी., सगळ्याला हळदकुंकू लागतं आणि त्या दिवशी ते कामाला लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटायचा होता. चेअरमनच्या पत्नी विजयमाला वहिनी सगळ्या खात्यांतून पूजा करत करत गार खोलीत आल्या. बाई सरळ मनाच्या, त्यांना दोष द्यायची माझी छाती नाही. त्यांनी मशीनला हार घातला आणि विचारलं, "आकाराम, ह्यातलं मुख्य काय?"

खरा इंजिनिअर असता तर म्हणाला असता, सगळंच मुख्य. आकारामला चेव आला. चेअरमन आणि हरिबा समोर उभे. त्यानं गठ्ठ्यातून लाल काठाचे पत्ते काढले आणि म्हणाला, "वैनीसाब, ह्ये बगा. मशीनचं इमान ह्येच्यात हाय."

"मग त्येचीच पूजा करूया," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पत्ते पाटावर मांडले, पाण्यात कालवलेलं हळदकुंकू एकेका पत्त्याला लावलं, अक्षता टाकल्या, झेंडूची फुलं ठेवली आणि मनोभावे हात जोडले. आकारामनंही हात जोडले. नको म्हणायचं त्याच्या तोंडात आलं होतं, पण हळदकुंकवाला नको कुणी म्हणतं का?

दसऱ्याला गठ्ठा मशीनमध्ये घातला. कुंकवाचे पत्ते ओले होऊन फुगले होते, ते तोंडातच अडकले. बॉयलर पेटलेला, टोळ्या दारात, चेअरमन घड्याळ बघतायत. हरिबानं पुढं होऊन अडकलेले लाल पत्ते काढले आणि म्हणाला, "ह्येच्याबिगार चालवून बगा की." चालवलं. सुरळीत चाललं. चालणारच, कारण थांबायला सांगणारेच बाहेर पडले होते. मशीननं सर्रकन लांबलचक कागद छापून दिला आणि संचालकांचे फड पुन्हा वर आले.

ते लाल पत्ते फेकले असते तरी एक वेळ बरं होतं. चेअरमननी त्यांना काचेची चौकट करून घेतली आणि आपल्या खोलीत भिंतीवर लावली. दर गुरुवारी त्याला हार. आलेल्या पाव्हण्याला ते दाखवायचे, "ह्ये आमच्या मशीनचं इमान." आपल्याकडं एखाद्या गोष्टीला कामातून काढायचं असेल तर तिला देव्हाऱ्यात बसवतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

आकारामनं नवे पत्ते पाडले. हरिबानं ते चेअरमनना नेऊन दिले. चेअरमननी आकारामला बोलावून खुर्चीवर बसवलं, चहा दिला. म्हणाले, "पुजल्यालं हत्यार भिताडावर हाय. आता दुसरं कशापायी? सरकारबी म्हणतंय, शिस्त पायजे. बरं, त्ये हायस्कूलचं मास्तर सुटलं का रं?" आकाराम चहा न पिता बाहेर आला. हे त्यानं मला त्याच संध्याकाळी सांगितलं.

हंगाम सरत आला तरी पारूबाईचा ऊस उभाच. फडाला पांढरा तुरा आला. ती चेअरमनकडं गेली. त्यांनी तिच्यापुढं मशीनचा छापील कागद पसरला. "बाई, ह्यात माजा हात न्हाई. मशीन तुज्याच भावाचं हाय. त्येला इचार."

तिनं विचारलं, ते माझ्या टपरीसमोर. आकारामनं सगळं सांगितलं, हरिबा, लाल पत्ते, कुंकू, चौकट, सगळं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "मशीन कोन चालवतंय? हरिबा का तू?"

"मी."

"मग?"

टोळ्या आपापल्या गावी परतल्यावर मे महिन्याच्या उन्हात पारूबाईनं चार बायका घेऊन स्वतः ऊस तोडला. निम्म्याच्या वर पोकळ. आकाराम कारखान्यात नोकरीला लागल्यापासून ती रोज त्याचा डबा कारखान्याकडं जाणाऱ्या साखरगाडीवाल्याजवळ द्यायची. तो डबा बंद झाला. पुढच्या हंगामातही तेच झालं. आता गावात कुणाचाही ऊस मागं राहिला की लोक आकारामलाच शिव्या द्यायचे. चेअरमनना कुणी काही म्हणत नव्हतं, कारण त्यांच्या हातात काहीच नाही हे त्यांनीच सांगितलेलं होतं. आकाराम रोज माझ्या फळीवरचा खडू उचलून बघायचा आणि ठेवायचा. म्हणायचा, "एकडाव फळा मोकळा हू दे, बाळासो. चौकात, समद्यांच्या म्होरं लिवतो. मग आक्काला कळंल."

नोकरी का सोडली नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. तो म्हणाला, मी गेलो तर हरिबाला कुणी बघणारंच नाही. आणि मी पळालो तर आक्का म्हणेल, चोर पळाला.

सत्त्याहत्तरच्या मार्चात निवडणूक झाली आणि आणीबाणी गेली. मास्तर दाढी वाढवून परत आले. माझे पेपर पुन्हा जाड झाले. बाजाराच्या दिवशी सकाळी आकाराम पाण्याची बादली घेऊन आला, त्यानं शिपायाचा सुविचार पुसला, फळा कोरडा होऊ दिला आणि शाळेत शिकवलेल्या अक्षरात लिहिलं:

"तोडणीची पाळी मशीन लावत नाही. मशीनमध्ये घालायच्या आधी पत्ते हातानं वर-खाली केले जातात. ही चूक पकडणारे लाल पत्ते चेअरमनच्या खोलीत हार घालून टांगले आहेत. हे खरं आहे. – आकाराम."

लिहून तो माझ्या टपरीत मागं येऊन बसला. एक विनोद नव्हता त्यात, एक शब्द तिरका नव्हता. इतकं सरळ तो आयुष्यात कधी बोललासुद्धा नव्हता.

पहिली गाडी आली. माणसं उतरली, फळ्यापुढं थांबली. कुणीतरी मोठ्यानं वाचू लागलं. 'हार घालून टांगले आहेत' इथं पहिलं हसू फुटलं. 'हे खरं आहे' म्हटल्यावर तर माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडली. "आला रं आला, आकाराम परत आला!" "हार घालून म्हनं! लय भारी." "मशीनला हातानं पिसतोय म्हनं, काय डोस्कं हाय गड्याचं!" बाहेरगावची माणसंही हसायला लागली. ज्यांचा ऊस वाळला होता तेही हसत होते. मी ओरडून म्हणालो, "आरं, थट्टा न्हाई ती! खरं हाय!" त्यावर आणखी हसले. एक म्हणाला, "बाळासोबी सामील हाय ह्येच्यात."

जीप आली. चेअरमन उतरले, त्यांनी शांतपणे सगळं वाचलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. ते मागं वळले आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले. "करमणूक पायजेच की गावाला," असं म्हणून ते पुढं म्हणाले, "औंदा गणपतीत ह्येचा सत्कार करा. शाल, नारळ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही तीच माणसं, सभेत टाळ्या वाजवणारी.

उन्हं वर आल्यावर पारूबाई बाजाराची पाटी डोक्यावर घेऊन आली. तिला वाचता येत नाही. फळ्यापुढं घोळका आणि सगळे हसतायत, एवढं तिनं पाहिलं. टपरीशी येऊन मला म्हणाली, "बाळासो, काय लिवलंय रं त्येनं?"

आकाराम माझ्या मागं पेपरांच्या गठ्ठ्याआड बसलेला होता. मी तिला अक्षर न अक्षर वाचून दाखवलं. पाठीमागून पुन्हा हसण्याची लाट आली. तिनं मान वळवून हसणाऱ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

मी म्हणालो, "आक्का, खरं हाय गं ते. तुला सांगितलं होतं तेच लिवलंय."

"खरं असतं तर ही माणसं हसली असती व्हय?" ती म्हणाली. "वाळला तो वाळला. आता माज्या उसाची थट्टाबी फळ्यावर आली. त्येला म्हनावं, पुरं कर." तिनं पाटी सारखी केली आणि निघून गेली.

आकाराम बाहेर आला. त्यानं बादलीतला फडका पिळला आणि फळा पुसला. लोक म्हणाले, आरं राहू दे की, दुपारच्या गाडीची माणसं वाचतील. त्यानं ऐकलं नाही. महिन्याभरात तो कारखाना सोडून गेला. कुणी म्हणतं सुरतेला आहे, कुणी म्हणतं बंगलोरला. मशीन आता हरिबाचा भाचा चालवतो. सत्काराची शाल आणली होती, ती ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून आहे.

फळ्यावर आता एस.टी.चं वेळापत्रक रंगवलंय. एकही गाडी त्या वेळेला येत नाही. तरी माणसं रोज त्याच्यापुढं उभी राहून ते वाचतात आणि घड्याळं त्याप्रमाणं लावून घेतात.